सुताचं पहिलं पोतं विकत घेण्याआधी

सुताच्या दुकानात मी पहिल्यांदा गेले तेव्हा मला एकच वाक्य येत होतं. "चाळीसचं सूत द्या." दुकानदारांनी वहीतून मान वर न काढता विचारलं, "कुठलं चाळीस? कार्डेड की कोम्ब्ड? ताण्याला की बाण्याला? का होजिअरीचं हवंय?" मला यातलं एकही उत्तर येईना. मी म्हटलं, "त्यातल्या त्यात स्वस्त असेल ते द्या." त्यांनी दिलं. त्याचं पुढं काय झालं ते पाचव्या पायरीत सांगते.

इचलकरंजीत १९०४ साली विठ्ठलराव दातारांनी पहिला यंत्रमाग चालवला. तेव्हापासून सुताची भाषा गावात इतकी मुरली आहे की ती कुणी कुणाला मुद्दाम शिकवत नाही. त्यातून खर्चीनं विणणाऱ्यांच्या घरात आणखी एक अडचण असते. सूत व्यापारी देतो, आपण पिकावर, म्हणजे विणलेल्या आडव्या धाग्यांच्या मोजणीवर, मजुरी घेऊन कापड विणून देतो. तीस तीस वर्षं माग चालवलेल्या माणसानंही कधी स्वतःच्या पैशानं सूत घेतलेलं नसतं. आमच्या सासऱ्यांचं तसंच होतं. आठ माग मी हातात घेतले आणि स्वतःचा माल काढायचं ठरवलं, तेव्हा घरात विचारायला कुणीच नव्हतं. तुमचंही तसंच असेल तर हे वाचा. हातमागवाल्यांना आणि शिवणकामासाठी कापड विणून घेणाऱ्यांनाही यातलं बरंचसं लागू पडेल.

जवळ काय काय हवं

पिक ग्लास, म्हणजे एक इंचाची चौकट असलेलं घडीचं भिंग. मिलिग्रॅम दाखवणारा छोटा काटा. सोनारकामाचा चालतो, स्वयंपाकघरातला चालत नाही. काडेपेटी, चिमटा, काळा पुठ्ठा आणि एक जाड वही. कागदपत्रांत पॅन, जीएसटी नोंदणी, उद्यम नोंदणी, चालू खात्याचा रद्द केलेला चेक आणि शेडचं वीजबिल. उधारीवर माल मागितलात की दुकानदार याशिवाय तुमच्या ओळखीचा एक माणूसही मागतो. ते कुठल्याच यादीत लिहिलेलं नसतं.

१. आधी कापड हातात घ्या, मग सुताकडं या

नवखा माणूस सुतापासून सुरुवात करतो आणि तिथंच चुकतो. आधी काय विणायचं आहे त्याचा तुकडा मिळवा, पिक ग्लासखाली धरा आणि एका इंचात उभे म्हणजे ताण्याचे धागे किती, आडवे म्हणजे बाण्याचे किती ते मोजा. मग प्रत्येक बाजूचे काही धागे उसवून बघा. ते एकपदरी आहेत की दोनपदरी? गुळगुळीत आहेत की लवदार?

कापडाची भाषा अशी असते: ६० बाय ६०, ९२ बाय ८८. म्हणजे ताणा साठ काउंटचा (काउंट हा सुताच्या बारीकपणाचा आकडा, तो तिसऱ्या पायरीत येतो), बाणा साठ काउंटचा, इंचाला ९२ ताण्याचे धागे आणि ८८ पिकं. हे कँब्रिक. ब्लाउजपीसच्या दुकानात "टू बाय टू" मागतात, तिथंही सुताचीच भाषा आहे. ताणाही दोनपदरी, बाणाही दोनपदरी. अर्धं आयुष्य मी ते ब्लाउजपीस घेतले, पण नावाचा अर्थ कधी विचारला नव्हता.

ताणा आणि बाणा यांची कामं वेगळी आहेत हे पक्कं लक्षात ठेवा. ताण्याचा धागा मागावर ताणलेला राहतो, मागाच्या वहीतून (ताण्याचे धागे वरखाली करणाऱ्या चौकटीतून) आणि फणीतून हजारो वेळा घासला जातो. बाण्याचा धागा फक्त आत येऊन पडतो. म्हणून ताण्याला ताकद लागते, बाण्याला मऊपणा चालतो. पुढचे बहुतेक निर्णय यावरून ठरतात.

२. धागा कशाचा आहे ते ओळखा

कॉटन, पॉलिस्टर, विस्कोस आणि त्यांची मिश्रणं यांतच बाजाराचा मोठा भाग येतो. पीसी म्हणजे पॉलिस्टर-कॉटन, पीव्ही म्हणजे पॉलिस्टर-विस्कोस. ६५:३५ असं लिहिलेलं असतं तेव्हा पहिला आकडा पहिल्या अक्षराचा.

चिमट्यात धागा धरून जाळा. कॉटन कागदासारखं जळतं, वासही जळक्या कागदाचा आणि राख बोटानं चुरते. पॉलिस्टर आधी आकसतं, वितळतं, काळा धूर सोडतं आणि शेवटी टणक मणी राहतो. रेशीम आणि लोकर जळताना केस जळल्याचा वास येतो. मिश्रणात कागदाचा वासही येतो आणि टोकाला कडक गुठळीही राहते.

इथं एक फसगत आहे. विस्कोसही कॉटनसारखंच जळतं, कारण दोन्ही मुळात सेल्युलोजच. तेव्हा धागा ओला करून ओढा. कॉटन ओलं झाल्यावर अधिक चिवट होतं, विस्कोसची ताकद जवळपास निम्म्यावर येते आणि ते सहज तुटतं. विस्कोसचं कापड पिळून धुऊ नका असं सांगतात ते यामुळेच.

दुसरा गुण ओलाव्याचा. प्रमाणित हवेत कोरड्या कॉटनच्या वजनाच्या ८.५ टक्के पाणी सूत धरून ठेवतं, विस्कोस ११ टक्क्यांच्या पुढं, पॉलिस्टर जेमतेम ०.४ टक्के. घाम कुठं टिपला जाईल आणि कुठं अंगाला चिकटेल हे यावरून कळतं. शिवाय सूत वजनावर विकत घेतो तेव्हा त्यातल्या पाण्याचेही पैसे मोजतो, हेही कळतं.

३. काउंट समजून घ्या आणि डेनियरशी घोळ करू नका

एका पौंडात ८४० यार्डांच्या किती लड्या बसतात तो आकडा म्हणजे कॉटनचा काउंट. चाळीसच्या सुताच्या एका पौंडात अशा चाळीस लड्या. म्हणून आकडा वाढला की सूत बारीक. किलोत बोलायचं तर काउंटला १.६९ नं गुणा, तेवढे किलोमीटर सूत एका किलोत असतं. तीसचं साधारण ५१ किलोमीटर, चाळीसचं ६८, साठचं १०१.

डेनियर उलटा चालतो. ९००० मीटर धाग्याचं ग्रॅममधलं वजन म्हणजे डेनियर, त्यामुळं आकडा वाढला की धागा जाड. ५३१५ ला डेनियरनं भागलं की जवळचा काउंट मिळतो. १५० डेनियर म्हणजे साधारण पस्तीसचं सूत, ७५ म्हणजे सत्तरच्या आसपास. गिरणीच्या कागदावर टेक्स (हजार मीटर धाग्याचं ग्रॅममधलं वजन) लिहिलं असेल तर ५९०.५ ला टेक्सनं भागा.

दोनपदरी सुतात २/४० लिहितात. चाळीसचे दोन धागे एकत्र पिळलेले, म्हणून जाडी वीसच्या एकपदरीएवढी. नवखी माणसं २/४० ला चाळीस समजून वजनाचा हिशेब मांडतात आणि सूत अर्ध्यातच संपतं. मग दोनपदरी घ्यायचंच कशाला? कारण ते समान असतं. एका धाग्याची बारीक जागा दुसरा धागा झाकून टाकतो, आणि ताण्यात तुटणं कमी होतं. पैसे मात्र वीसच्या एकपदरीहून बरेच जास्त पडतात.

आता माझा आग्रहाचा मुद्दा. काउंटवरून फक्त जाडी कळते. सूत तुटेल की टिकेल, कापड मऊ होईल की खरखरीत, रंग कसा चढेल, यातलं काहीही त्या आकड्यात नसतं.

४. कातलं कसं आहे ते विचारा

कार्डेड सुतात कापूस पिंजून सरळ कातलेला असतो. कोम्ब्ड सुतात मध्ये विंचरणी होते आणि आखूड तंतू काढून टाकले जातात. कापसाचा साधारण १२ ते १८ टक्के भाग तिथंच गळतो. म्हणून ते महाग, पण गुळगुळीत आणि चिवट. साठच्या पुढं बारीक जायचं असेल तर कोम्ब्डला पर्याय नाही असं समजा. अतिबारीक सुतासाठी तंतूही लांब लागतो. तमिळनाडूचा सुविन कापूस त्यासाठीच नावाजलेला आहे.

रिंगवर कातलेल्या सुतात तंतू आतबाहेर नीट गुंफले जातात. ओपन एंडमध्ये, ज्याला सगळे "ओई" म्हणतात, ते रोटरमध्ये गोळा होऊन पिळले जातात आणि काही तंतू बाहेरून पट्ट्यासारखे धाग्याभोवती गुंडाळले जातात. ओई समान असतं, स्वस्त असतं, पण रिंगपेक्षा कमजोर आणि हाताला कोरडं लागतं. चादर, टॉवेल, डेनिम, पडदे अशा जाड मालाला ते उत्तम. बारीक शर्टिंगला घेऊ नका.

कॉम्पॅक्ट हे रिंगचंच सुधारलेलं रूप. लव कमी. ताण्यात लव कमी असली की शेजारचे धागे एकमेकांत अडकत नाहीत. एअरजेट मागांवर (हवेच्या झोतानं बाणा टाकणाऱ्या) विणून घेणार असाल तर हे पैसे वसूल होतात. जुन्या साध्या मागावर मला तितका फरक जाणवला नाही.

५. पीळ: माझी पहिली फजिती

ते स्वस्तातलं चाळीस होजिअरीचं होतं. काउंट बरोबर, कापूस चांगला, दिसायलाही स्वच्छ. सायझिंगवाल्यांनी, म्हणजे ताण्याच्या सुताला खळ लावून देणाऱ्यांनी, दुसऱ्या दिवशी फोन केला, "ताई, खळ धरत नाही." मला वाटलं त्यांच्या खळीत काही कमी पडलं असेल. भीम, म्हणजे ताणा गुंडाळलेला रूळ, मागावर चढला आणि माग दर दोन-चार मिनिटांनी थांबू लागला. कामगार गाठी मारून वैतागला. तिसऱ्या दिवशी शेजारच्या कारखान्यातल्या जुन्या जॉबरनी (माग दुरुस्त करणाऱ्यांनी) कोनवरून, म्हणजे सूत गुंडाळलेल्या शंकूवरून, हातभर धागा काढला, अंगठ्यानं उलटा फिरवला आणि तो लगेच सुटला. ते इतकंच म्हणाले, "हे बनियनचं आहे."

झालं होतं ते असं. इंचाला किती पीळ हवा ते काउंटच्या वर्गमूळाला एका गुणकानं गुणून ठरतं. ताण्याच्या सुताला हा गुणक साधारण ४ ते ४.५, बाण्याला त्याहून थोडा कमी, होजिअरीला साडेतीनच्या आसपास. चाळीसचं वर्गमूळ ६.३२. गुणक ४.२ धरला तर इंचाला साडेसव्वीस पीळ, ३.५ धरला तर बावीस. हे चार-साडेचार पीळ कमी पडले की ताण्यात सूत टिकत नाही. शिवाय विणमशीनच्या सुयांत धागा सरकावा म्हणून होजिअरीच्या सुताला मेण लावलेलं असतं, आणि मेणावर खळ बसत नाही. सायझिंगवाल्यांची चूक काहीच नव्हती. मी त्यांच्याशी जरा चढ्या आवाजात बोलले होते, ते अजून आठवलं की कानकोंडं होतं.

तेव्हा दुकानात "ताण्याचं" किंवा "वार्पचं" असं म्हणूनच मागा आणि बिलावर तसं लिहून घ्या. फार जास्त पीळही बरा नाही. एका मर्यादेपलीकडं ताकद उलट कमी होते आणि धागा स्वतःभोवती वळून गुंता करतो. हातभर धागा घेऊन दोन्ही टोकं जवळ आणा. झटकन पीळ पडून दोरी झाली तर सूत चळवळं आहे. व्हॉइलसारख्या कापडात असा कडक पीळ मुद्दाम देतात, त्यानं कापड सुटसुटीत आणि कुरकुरीत पडतं. टॉवेलच्या लूपला उलट कमी पीळ लागतो, म्हणजे पाणी लवकर शोषलं जातं.

पिळाची दिशाही बघा. धागा उभा धरल्यावर तिरक्या रेघा डावीकडून खालून उजवीकडं वर जात असतील तर झेड, उलट असतील तर एस. एकपदरी सूत बहुधा झेड असतं, दोनपदरी करताना एस देतात. एकाच कापडात दोन दिशांचं सूत मिसळलं तर उजेड वेगवेगळा परततो आणि पट्टे दिसतात.

६. फिलामेंट थोडक्यात

पॉलिस्टरचा अखंड धागा घेणार असाल तर १५०/४८ असं लिहिलेलं मिळेल: १५० डेनियर, त्यात ४८ तंतू. डेनियर तेवढाच ठेवून तंतूंची संख्या वाढली की कापड मऊ. पीओवाय हा अर्धवट ताणलेला कच्चा धागा, तो थेट विणायला घेऊ नका. एफडीवाय पूर्ण ताणलेला, चकचकीत. टेक्स्चराईज्ड म्हणजे कुरळा केलेला, फुगीर. या धाग्याची बाजारपेठ सुरतेत आहे आणि तिथं लॉटच्या (एकाच मिश्रणातून एका खेपेत निघालेल्या मालाच्या) नंबराला "मर्ज नंबर" म्हणतात.

७. पोतं उतरवण्याआधी तपासा

प्रयोगशाळेत १२० यार्डांची एक "ली" काढून वजन करतात. ६४.८ ला त्या ग्रॅमनं भागलं की काउंट. घरी सोपं करायचं असेल तर एक मीटर घेराची लाकडी चौकट करून घ्या, शंभर फेरे गुंडाळा आणि ५९ ला वजनानं भागा. चाळीसच्या सुताचे शंभर मीटर १.४८ ग्रॅम भरायला हवेत. १.५५ भरले तर ते अडतीस आहे.

दोनानं काय फरक पडतो? एका पोत्यात दीडशे किलोमीटर सूत कमी येतं. वजन पूर्ण, पैसे पूर्ण, कापड पाच टक्के कमी. एकाच कोनवरून निष्कर्ष काढू नका. पाच कोन घ्या, सरासरी काढा, आणि पाच आकडे एकमेकांपासून किती दूर आहेत तेही बघा. सरासरी बरोबर येऊनही कोनाकोनांत फरक असेल तर ते सूत जास्त त्रास देतं. वजन करण्याआधी लड्या रात्रभर उघड्या हवेत ठेवा, म्हणजे मुद्दाम दमट ठेवलेल्या सुताचं बिंग फुटतं.

ताकदीचा आकडा सीएसपी. ली तोडायला लागलेले पौंड गुणिले काउंट. चाळीसची ली ६५ पौंडांना तुटली तर २६००. हे घरी होत नाही, चाचणी करून घ्या. फी फार नसते. फक्त सीएसपी दाखवून कुणी घाई करत असेल तर समानतेचा अहवालही मागा, कारण माग थांबतो तो सरासरी ताकदीमुळं नव्हे, एखाद्या बारीक जागेमुळं थांबतो.

काळ्या पुठ्ठ्यावर धागा शेजारी शेजारी गुंडाळून खिडकीशी धरा. जाड-बारीक जागा, गाठी, कापसाच्या बियांचे तुकडे डोळ्यांना दिसतात. प्लॅस्टिकच्या पोत्यांतून कापसात आलेले पॉलिप्रॉपिलिनचे तंतूही शोधा. कोऱ्या कापडात ते लपतात, रंगवल्यावर पांढरे ठिपके होऊन वर येतात, कारण त्यांना रंग लागत नाही. रंगवायचा माल काढणार असाल तर हा मुद्दा सोडू नका.

८. किती सूत लागेल ते मोजा

वरचंच कँब्रिक घ्या, पन्ना ५० इंच, हजार मीटर. ताणा: ५० गुणिले ९२ म्हणजे ४६०० धागे. प्रत्येकी हजार मीटर, एकूण ४६०० किलोमीटर. साठचं सूत किलोला १०१.६ किलोमीटर, म्हणजे ४५ किलो. विणताना धागा नागमोडी जातो आणि थोडं वाया जातं, त्यासाठी आठ-दहा टक्के वाढवा: सुमारे ५० किलो.

बाणा: मीटरला साधारण ३४६५ पिकं, पन्ना १.२७ मीटर. हजार मीटरला ४४०० किलोमीटर, ४३ किलो आणि वरची वाढ धरून ४७ च्या आसपास. जुन्या मागांवर धोट्यात बसणाऱ्या कांड्यांच्या तळाशी सूत शिल्लक राहतं, तिथं आणखी थोडं धरा.

९. सौदा

२४ कोन, प्रत्येकी १.८९ किलो, मिळून ४५.३६ किलो, म्हणजे बरोबर शंभर पौंड. जुन्या मापाचं हे पोतं अजून चालतं. ५० किलोचीही पोती असतात. त्यामुळं दर किलोवर विचारा, आणि वजन निव्वळ की कागदी कोनासकट तेही विचारा. दर रोख की उधारीचा, उधारी किती दिवसांची, कर धरून की वेगळा, वाहतूक कुणाची, हे चारही प्रश्न फोनवरच उरकून घ्या. मग दुकानात वाद होत नाही.

बिलावर काउंट, कार्डेड की कोम्ब्ड, वार्प की वेफ्ट, लॉट नंबर आणि एचएसएन (जीएसटीसाठीचा मालाचा कोड) हवा. ८५ टक्के किंवा जास्त कापसाच्या सुताला ५२०५, त्याहून कमी कापूस पण कापसाचंच प्राबल्य असेल तर ५२०६, पॉलिस्टर फिलामेंटला ५४०२. पीसीत पॉलिस्टर जास्त असेल तर ५५०९. चुकीच्या कोडचं बिल घेतलंत की पुढं कर परत मिळवताना तुम्हालाच धावावं लागतं.

हातमागवाल्यांनी लडीचं सूत घ्यावं, कोनचं नाही. राष्ट्रीय हातमाग विकास महामंडळ विणकरांना सूत पुरवतं, त्यासाठी विणकर ओळखपत्र जवळ ठेवा.

पहिल्या वेळी एकच पोतं घ्या. दुकानदार "दहा घेतलीत तर दर सोडतो" म्हणेल. हसा आणि एकच घ्या.

१०. लॉट सांभाळा

माझी दुसरी चूक इथली, आणि ती पहिलीहून महागात पडली. बाण्याचं सूत कमी पडलं म्हणून त्याच दुकानातून, त्याच गिरणीचं, त्याच काउंटचं पोतं आणलं. लॉट वेगळा होता. कोऱ्या कापडात काही दिसलं नाही. निळा रंग चढल्यावर जिथं कोन बदलला तिथं फिकी पट्टी उमटली. वेगळ्या कापसाच्या मिश्रणावर रंग वेगळा चढतो. सगळा माल दुय्यम भावात गेला.

तेव्हापासून काउंटप्रमाणे कोनांच्या टोकांचे रंग वेगळे असलेलंच सूत मागते, रचून ठेवताना लॉटच्या मध्ये भिंतीएवढी जागा सोडते. शंका आली तर अंधाऱ्या खोलीत यूव्ही दिव्याखाली कोन शेजारी ठेवून बघते. वेगळ्या मिश्रणाचा कोन वेगळा चमकतो. पोती फरशीवर न ठेवता फळ्यांवर ठेवा, उन्हाच्या खिडकीपासून लांब. एप्रिल-मे मधल्या कोरड्या हवेत चांगलं सूतही तुटतं, म्हणून शेडमध्ये ओलावा ७५ टक्क्यांच्या पुढं राहील अशी सोय करा, मगच सुताला नावं ठेवा.

वहीत प्रत्येक लॉटचा हातभर धागा चिकटवा. शेजारी तारीख, दर, तुम्ही मोजलेला काउंट, आणि मागावर एका पाळीत तो किती वेळा तुटला. पुढच्या वेळी दुकानात जाताना ही वही बरोबर न्या. आणि लॉट बदलावाच लागला तर चालू तागा पूर्ण संपवा, कापा, मग नवा कोन लावा.